माशी, चाप आणि चाळिशी

(आपल्या 1996च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेली दोन-चार वाक्यं लिहिताना घातली आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाली आहेस, तर आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोल." मी म्हटलं, "त्यावर व्हॉट्सॲपवर रोज इतकं येतंय की माझी गरज नाही. मी पिस्तुलावर बोलू का?" पलीकडं जरा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "शिवाजी पेठेतली आहेस, तुला नाही कोण म्हणणार?"

घाबरू नका. माझं पिस्तूल सिनेमातल्यासारखं कमरेला खोचायचं नाही. ते हवेच्या दाबावर चालतं, त्यातून 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो आणि 10 मीटरवरच्या कागदाला भोक पाडतो. एवढंच त्याचं शौर्य. पण त्या पिस्तुलाचा चाप आणि त्याची माशी 'सुधारण्याच्या' नादात मी दोन वर्षं घालवली, आणि एके दिवशी एक अशी गोष्ट घडली की ती मी आजवर फार थोड्यांना सांगितली आहे. ती आज तुम्हाला सांगायची आहे. तुमच्यासमोर सांगणं सोपं आहे, कारण तुम्ही मला फळ्यासमोर उभं राहून गणित चुकताना पाहिलंय.

सुरुवात शाळेपासूनच करते. एनसीसीच्या कॅम्पमध्ये आपल्याला पॉइंट टू-टूची रायफल पहिल्यांदा हातात दिली होती, आठवतंय? पाच गोळ्या प्रत्येकी. माझ्या पाचांपैकी तीन कागदावर लागल्या आणि दोन कुठं गेल्या ते त्या डोंगरालाच माहीत. तरीही त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला म्हटलं होतं, मला हे पुन्हा करायचंय. पुढं बारावी, इंजिनिअरिंग, पुण्यातली नोकरी, लग्न, मुलगा. 'पुन्हा' यायला पंचवीस वर्षं लागली.

घरून काम सुरू झालं तेव्हा मी आईजवळ शिवाजी पेठेत राहायला आले. बाबा 2017 साली गेले होते, घर मोठं आणि आई एकटी. दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी आईची औषधं. 2021च्या अखेरीस कुणीतरी सांगितलं की दुधाळीच्या रेंजवर मोठ्यांनाही शिकवतात. आपल्या पेठेतून स्कूटरवरून दहा मिनिटं. मी बघायला म्हणून गेले आणि तिथलीच झाले.

दुधाळी म्हटलं की काही नावं घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तेजस्विनी सावंत, जन्म सप्टेंबर 1980, म्हणजे अगदी आपल्याच वयाची. आपण नोकरीत स्थिरावत होतो तेव्हा, 2010 साली, म्युनिकमध्ये ती 50 मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक विजेती झाली. नेमबाजीत जगज्जेती होणारी ती पहिली भारतीय महिला. आणि मला त्याहून भावणारी गोष्ट अशी की तिचं पहिलं ऑलिंपिक टोकियोचं, 2021 साली. तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. तिच्याहून दहा वर्षांनी लहान राही सरनोबत पिस्तूलवाली. 2018च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला 25 मीटर पिस्तुलात थायलंडच्या मुलीशी 34-34 अशी बरोबरी झाली, पहिल्या शूटऑफमध्येही बरोबरी, आणि दुसऱ्या शूटऑफमध्ये राहीनं सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आणि 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, तो दिवस तर इथल्या सगळ्यांनाच आठवतो.

माझं नाव या यादीजवळ ठेवायचं नाही, हे मला माहीत आहे. मी हौशी. पण अंबाबाईच्या देवळात जसं राजालाही त्याच रांगेतून आत यावंसं वाटतं, तसं रेंजवर आहे. दहाचं वर्तुळ सगळ्यांना तेवढंच. हवेच्या पिस्तुलाच्या कागदावर ते 11.5 मिलिमीटरचं असतं, म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. साठ छर्रे, सव्वा तास, एका हातानं, उभं राहून. पैकीच्या पैकी 600. मी सुरुवातीला पाचशेही गाठत नव्हते, सहा-आठ महिन्यांत 531 पर्यंत आले आणि मग तिथंच अडकले.

अडकल्यावर इंजिनिअर काय करतो? यंत्राकडं बघतो.

माझं पिस्तूल जुनं, एका खेळाडूकडून घेतलेलं, 'कॉम्पॅक्ट' प्रकारातलं. म्हणजे नळी आखूड, पुढचं वजन कमी. लहान चणीच्या माणसाला, बायकांना, ज्युनिअर मुलांना हात लांब करून तासभर पेलायला बरं. पण आखूडपणाची किंमत असते. ती समजवायला मी भूमितीच्या बाईंची परवानगी घेते. बाई, तुम्ही समरूप त्रिकोण शिकवत होतात तेव्हा मी मागच्या बाकावरून विचारलं होतं, "याचा उपयोग काय?" तुम्ही म्हणालात, "कळेल." कळायला वेळ लागला.

पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक उभी काळी पट्टी असते, तिला आपल्याकडं माशी म्हणतात. मागं एक खाच असते. खाचेतून माशी बघायची, दोन्हींचे माथे एका रेषेत, माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट. या दोघींमधलं अंतर माझ्या पिस्तुलावर साधारण 300 मिलिमीटर. लक्ष्य 10 मीटरवर, म्हणजे 10,000 मिलिमीटर. आता खाचेत माशी एक मिलिमीटर जरी सरकली, तर समरूप त्रिकोणानं छर्रा किती सरकणार? तेहतीस मिलिमीटर. दहाच्या वर्तुळाला छर्‍याची कड लागली तरी दहा मिळतात, ते धरूनही केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत राहायला हवं. म्हणजे खाचेत माशीला सुटीचा वाव पाव मिलिमीटर. अंतर जितकं कमी, तितकी ही चूक मोठी होते. खिशात मावणाऱ्या पिस्तुलात माशी-खाचेचं अंतर 150 मिलिमीटर धरलं, तर एका मिलिमीटरची चूक 67 मिलिमीटर होते. सिनेमातला नायक धावत धावत नेम धरतो ना, त्याला बाईंनी एकदा फळ्यापाशी बोलवायला हवं.

पण याच त्रिकोणात दिलासाही आहे. माशी खाचेत बरोबर बसलेली असेल आणि सगळा हातच पाच मिलिमीटर हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो. म्हणजे हात थोडा डुलला तर चालतं, माशी खाचेत हलली तर चालत नाही. म्हणून नजर लक्ष्यावर ठेवायची नाही, माशीवर ठेवायची. लक्ष्य धुरकट दिसू द्यायचं. नेमबाजीतला पहिला धडा हा, आणि सगळ्यांत अवघडही हाच, कारण आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की लक्ष्याकडं बघा.

हे सगळं मला गणितानं कळत होतं. तरी मी काय केलं? आधी खाच अरुंद केली. वाटलं, फट जितकी बारीक तितका नेम अचूक. व्हायचं ते उलटच. पावसाळ्यात रेंजवर उजेड कमी, बारीक फट दिसेचना, डोळे ताणून पाणी यायला लागलं. मग अरुंद माशी हवी असं वाटलं. बाहेरून मागवायची तर वेळ आणि पैसा. पण आपण कोल्हापूरकर! बाबा उद्यमनगरात आयुष्यभर फिटर होते. त्यांच्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन मी दोन माश्या करून घेतल्या, एक चार मिलिमीटरची, एक साडेतीनची. काका म्हणाले, "तुझ्या बाबानं ट्रकचे पार्ट केले, तू माशा करायलीस." एका दुकानदारानं हिरव्या ठिपक्याची चमकणारी माशीही सुचवली. ती झटकन दिसते, पण झटकन दिसणं वेगळं आणि कडा स्वच्छ दिसणं वेगळं. पांढऱ्या कागदावर सपाट काळ्या माशीइतकी स्वच्छ कड दुसऱ्या कशाचीच दिसत नाही. भिंगं, लाल ठिपक्याचे साइट हे तर ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत चालतच नाही.

गुण 531 वरून 525 वर आले.

मग मी चापाकडं वळले. हा चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा मोकळा, बोटानं बहुतेक वजन तिथंच उचलायचं. मग एक भिंत लागते. त्या भिंतीवर बोट टेकवून ठेवायचं, माशी बघत राहायची, आणि दाब इतका हळू वाढवायचा की पिस्तूल कधी सुटलं ते आपल्यालाही कळू नये. दोन्ही टप्प्यांचं वजन, पहिल्याची लांबी, सुटल्यानंतर चाप किती मागं जाईल, चापाचं पातं बोटाला किती पुढं आणि किती तिरकं, या सगळ्याला वेगवेगळे स्क्रू. माझ्यासारखीच्या हातात एवढे स्क्रू देऊ नयेत.

नियम असा की हवेच्या पिस्तुलाचा चाप 500 ग्रॅमपेक्षा हलका नको. स्पर्धेआधी नळी उभी धरून चापाला 500 ग्रॅमचं वजन लटकवतात आणि पिस्तुलानं ते न सुटता उचललं पाहिजे. मी नेमका 500 ला लावून गेले. तिन्ही वेळा पिस्तूल सुटलं. तपासणारे गृहस्थ हसून म्हणाले, "मॅडम, दहावीत पस्तीसला पास होणारे पेपर तपासणाऱ्याच्या मर्जीवर असतात." तिथंच उभ्याउभ्या स्क्रू फिरवून मी तो 540 वर नेला, चिडून स्पर्धेत उतरले आणि गंमत बघा, त्या दिवशी 533 मारले. चाप जड, गुण जास्त. यातून काही शिकायला हवं होतं. मी शिकले नाही. राहीच्या 25 मीटरच्या प्रकारात तर चाप किमान 1000 ग्रॅमचा लागतो, माझ्या दुप्पट. आणि त्यात जलद टप्प्यात हात खाली असताना लक्ष्य समोर येतं, वर उचलून तीन सेकंदांत छर्रा नव्हे, गोळी सोडायची. तिला एक किलो अडत नाही आणि मला पाचशे ग्रॅम अडत होते.

मला आता वजन नव्हे, 'स्वच्छपणा' हवा होता. भिंत काचेसारखी तुटली पाहिजे, असं कुठंतरी वाचलं होतं. चापाच्या आत दोन लहान पोलादी भाग एकमेकांत अडकलेले असतात. चाप ओढला की एक दुसऱ्यावरून घसरतो आणि हातोडी सुटते. मी रात्री आई झोपल्यावर ते भाग काढले आणि बाबांच्या पेटीतला तेलाचा दगड घेऊन घासत बसले. बाबा मला लहानपणी कानस चालवायला शिकवायचे. पुढं जाताना दाब, मागं येताना उचल. आणि एक वाक्य नेहमी: "धातू काढता येतोय, परत लावता येत नाही." दगड हातात असताना ते वाक्य मला आठवलं होतं. खोटं कशाला बोलू, आठवलं होतं. तरी मी घासलं.

दुसऱ्या दिवशी चाप खरंच काचेसारखा तुटला. मी खूश. आठवडाभर सगळ्यांना दाखवत होते. मला माहीत नव्हतं ते एवढंच की अशा भागांच्या वरच्या पातळ थराला कडकपणा दिलेला असतो. तो थर मी घासून काढला होता. खालचं मऊ पोलाद दर छर्‍यागणिक थोडं थोडं झिजत होतं.

2023 च्या पावसाळ्यातली संध्याकाळ. रेंज कुठली ते सांगत नाही, चूक माझी होती. माझ्या शेजारच्या लेनवर बारा वर्षांची एक मुलगी सराव करत होती. मी छर्रा भरला, हात वर नेला, नेम जमेना म्हणून नियमाप्रमाणे न सोडता हात खाली घ्यायला लागले. बोट चापाच्या बाहेर होतं. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते. हात अर्ध्यावर असताना पिस्तूल आपोआप सुटलं. छर्रा सिमेंटच्या कट्ट्यावर आपटून उसळला आणि दोन लेनमधल्या लाकडी फळीत घुसला. त्या मुलीच्या गुडघ्यापासून एका वितीवर.

हवेचं पिस्तूल म्हणजे खेळणं असं कुणाला वाटत असेल तर सांगते, त्या छर्‍यानं डोळा जातो.

कुणी ओरडलं नाही. ती मुलगी फळीकडं बघून मला म्हणाली, "काकू, लागलं नाही." मलाच धीर देत होती. आमचे प्रशिक्षक निवृत्त फौजी. त्यांनी माझ्या हातातलं पिस्तूल घेतलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि विचारलं, "आत काय केलंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "घरी जावा. महिनाभर रेंजवर यायचं, पण हात रिकामे." मी त्या रात्री मुलीच्या आईला फोन करून सगळं सांगितलं. समोरून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतः सांगितलंत म्हणून तिला उद्या पाठवते." तो चपटा झालेला छर्रा फळीतून काढून मी बाबांच्या पेटीत, त्या तेलाच्या दगडाशेजारी ठेवला आहे.

आपल्या पेठेत मर्दानी खेळांचे आखाडे आपण लहानपणापासून बघत आलो. वस्ताद पोराच्या हातात पहिल्या दिवशी पट्टा देत नाही. आधी पवित्रा, पायांची जागा, मग लाठी, आणि पट्टा फार नंतर. मी सरळ पट्ट्याला धार लावायला बसले होते.

त्या रिकाम्या हातांच्या महिन्यात सरांनी मला पवित्र्यापासून सुरुवात करायला लावली. भिंतीसमोर पाण्याची लिटरची बाटली धरून उभी राहायचे. महिन्यानंतर त्यांनी रेंजचं एक पिस्तूल दिलं आणि एक साधी परीक्षा घेतली. पिस्तूल ते भरणार, मला देणार. आत छर्रा आहे की नाही ते मला सांगणार नाहीत. मी सोडायचं. पहिल्यांदा छर्रा होता, गेला खाली डावीकडं. माझे बहुतेक छर्रे तिकडंच जात, आणि मी इतके महिने मागच्या साइटचे स्क्रू वर-उजवीकडं फिरवत होते. दुसऱ्यांदा पिस्तूल रिकामं होतं. 'टक' असा नुसता आवाज झाला, आणि पिस्तुलाच्या टोकानं खाली डावीकडं मान घातली. छर्रा नाही, धक्का नाही, काही नाही. मान मात्र खाली. चाप सुटणार या भीतीनं माझी सगळी मूठ आवळली जात होती. सर एवढंच म्हणाले, "साइट कुणाची फिरवायची, बघा आता."

आमच्या धंद्यात याला फार चांगलं नाव आहे, पण मी मराठीत सांगते: दोष कुठं आहे ते न शोधता दुरुस्ती करणं. ऑफिसात ज्युनिअर मुलांनी असं केलं तर मी त्यांना फैलावर घेते. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलाची नोंद, आणि परत मागं जाता येईल असाच बदल. वीस वर्षं हेच शिकवत आलेय. घरी रात्री दगड घासताना यातलं एकही पाळलं नव्हतं.

यंत्राला महत्त्व नाही, असं मात्र मी म्हणत नाही. टोकियोत 25 जुलै 2021 ला मनू भाकरचं पिस्तूल स्पर्धेच्या मध्येच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, 575 गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढं पॅरिसला तिनं दोन कांस्यपदकं मिळवली, पण त्या टोकियोतल्या मिनिटांचं दुःख तिलाच माहीत. म्हणून यंत्र नीट हवंच. नीट करणं आणि सतत हलवत राहणं यात फरक आहे, एवढंच.

आता खरी सुधारणा कशानं झाली ते सांगते, आणि ही आपल्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे. आजची निमंत्रणपत्रिका किती जणांनी हात लांब करून वाचली? हात वर करा... झालं, सगळा वर्ग. आपल्या भाषेत चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात. मला लांबचं छान दिसायचं आणि पुस्तकाला चष्मा लागायचा. पण माशी असते मधेच. डोळ्यापासून माझ्या माशीपर्यंतचं अंतर मोजलं, 78 सेंटिमीटर. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, "पेपर वाचायला पाहिजे का टीव्ही बघायला?" मी म्हटलं, "दोन्हींच्या मधलं." पिस्तूल दवाखान्यात नेता येत नाही, म्हणून लाकडी पट्टीच्या टोकाला काळ्या कागदाची माशी चिकटवून नेली होती. ती हातात धरून मी उभी, आणि डॉक्टर एकेक काच बदलतायत, बाहेर रांगेतली माणसं बघतायत. अर्ध्या नंबरची काच लावली आणि कागदाची कड पात्यासारखी धारदार दिसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. इतके दिवस मी माशी अरुंद कर, खाच अरुंद कर, असं करत होते. दोष माशीत नव्हता, मला ती दिसतच नव्हती. एका डोळ्याची काच, दुसऱ्या डोळ्यापुढं पांढरी पट्टी (ती 30 मिलिमीटरपर्यंत चालते), सगळा खर्च चापाच्या एका सुट्या भागाहून कमी.

नवा मूळ भाग आला तो तीन महिन्यांनी. तो मी बसवला नाही, जाणकाराकडून बसवून घेतला. हवेच्या पिस्तुलाचीच ही कथा, मग परवान्याच्या शस्त्राला तर घरी कुणी हातही लावू नये. तो कायद्यानंही गुन्हा आहे. चाप आता 530 ग्रॅमवर आहे आणि त्या स्क्रूवर मी नेलपॉलिशचा थेंब लावून ठेवलाय, फिरवायचा मोह झाला तर आधी तो फोडावा लागेल. उद्यमनगरच्या दोन माश्यांपैकी कुठलीच वापरत नाही. मूळचीच लावली, खाच थोडी रुंद केली, आता दोन्ही बाजूंना माशीच्या निम्म्या रुंदीएवढी उजेडाची फट दिसते. त्याशिवाय मूठ माझ्या हाताच्या मापाची करून घेतली. एवढंच. वहीत तारीखवार नोंद आहे, बदल चार, दोन वर्षांत.

माझे आजचे सगळ्यांत चांगले गुण 547. ती शेजारच्या लेनवरची मुलगी आता पंधराची आहे आणि 560च्या वर मारते. परवा मला म्हणाली, "काकू, माझा चाप जड वाटतोय, हलका करू का?" मी तिला पिस्तूल भरून दिलं, आत छर्रा आहे की नाही ते न सांगता. तिनं सोडलं. रिकामं होतं. टोक हललं नाही, कणभरसुद्धा नाही. मी म्हटलं, "मग कर. पण स्क्रूनं कर, आणि सरांसमोर कर." तिला तो हक्क होता. मला तेव्हा नव्हता.

घरी येऊन बाबांची पेटी उघडली. दगड आणि छर्रा दोन्ही तिथंच आहेत. बाबा असते तर रागावले असते का, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, त्यांनी दगड पुसून जागेवर ठेवला असता आणि म्हटलं असतं, "आता कळलं न्हवं?"

कळलं, बाबा. आणि बाई, समरूप त्रिकोणही कळला.

दुधाळीला कधीही या. डोळे तपासून या, चष्मा विसरू नका. पहिले पाच छर्रे माझ्याकडून. एनसीसीच्या वेळी होत्या तेवढेच.